बाबांची तालीम, बहिणीचा कॉल टाइम

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. आम्ही लालबागचे. आजोबा गिरणीत कामाला होते आणि कामगार रंगभूमीवर नाटकं करायचे. बाबा तीस वर्षं व्यावसायिक नाटकांत आहेत, आई मालिकांमध्ये आई-मावशीच्या भूमिका करते. माझी धाकटी बहीण २३ वर्षांची. कॉलेजात एकांकिका केल्या, दोन मालिकांत छोटी कामं केली आणि आठ महिन्यांपूर्वी तिला संध्याकाळच्या एका मालिकेत मुख्य भूमिका मिळाली. मालिका चालली. आता चिवडा गल्लीत साधं फरसाण घ्यायला गेली तरी सेल्फीला गर्दी होते. शूटिंग घोडबंदर रोडला असतं. मी नोकरी सांभाळून तिच्या तारखा, फोन आणि बिलं बघतो.

घरात मात्र रोज काहीतरी होतं. बाबा न चुकता एपिसोड बघतात आणि ती रात्री घरी आली की चुका काढतात. गेला आठवडाभर दोघं बोलत नाहीत. बाबांच्या नव्या नाटकाचा निर्माता म्हणतो, मुलीला घेऊन या, लगेच नारळ फोडू. आमच्याकडे सगळ्यांची कमाई बाबांच्या खात्यात जमा होते, तिची कुठे ठेवायची यावर आई आणि बाबांचं जुंपलंय. त्यात तीन महिन्यांचे पैसे आलेलेच नाहीत. आणि इन्स्टावर लोक लिहितात, ‘वशिल्याची’. मी कुठून सुरुवात करू?

– मोठा भाऊ, लालबाग

उत्तर:

नमस्कार. तुमच्या घरात अभिनय सगळ्यांना येतो आणि हिशेब कोणालाच येत नाही, असं पत्रावरून दिसतं. राग मानू नका, कलावंतांच्या बहुतेक घरांत हेच असतं. पण खरी अडचण वेगळी आहे. बाबा तिचे मास्तर आहेत, तिची बँकही तेच आहेत आणि आता नाटकाच्या निर्मात्याकडून निरोप आणणारेही तेच. त्यामुळे ती अभिनयावरून चिडली तरी बोलता येत नाही, कारण पैसे त्यांच्याकडे. नाटकाला नाही म्हणायचं तर मास्तरांचा अपमान. ही तीन कामं तीन माणसांकडे गेल्याशिवाय कुठलंच भांडण सुटं होऊन मिटणार नाही. बाबांकडे फक्त शिकवणं ठेवा. तारखा आणि करार तुमच्याकडे. पैसे तिच्याकडे.

पैशांपासून सुरू करू, कारण ते आठवडाभरात मार्गी लावता येतात. बाबांचं तसं नाही.

तीन महिन्यांचे पैसे बहुधा बुडालेले नाहीत. मालिकांत साधारण ९० दिवसांचं क्रेडिट, म्हणजे उधारी, चालतं. एप्रिलमध्ये केलेल्या कामाचं बिल मेच्या पहिल्या आठवड्यात गेलं की पैसे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. करारात एकच गोष्ट शोधा: हे ९० दिवस कधीपासून मोजायचे? काम संपल्यापासून, बिल मिळाल्यापासून, की चॅनेलकडून निर्मात्याला पैसे आल्यापासून? तिसरी शब्दरचना असेल तर तारखेला काही अर्थच उरत नाही. नवा करार किंवा मुदतवाढ होईल तेव्हा ती बदलून घ्या. आणि हो, करार म्हणजे सही झालेली प्रत. अनेकांकडे ती नसतेच. सही घेतात, ‘वरून सही होऊन येईल’ म्हणतात आणि कागद ऑफिसातच राहतो. उद्याच्या उद्या मेल करून दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत मागवा.

बिल अडकतं ते बहुतेक वेळा दिवसांच्या मोजणीवरून. तुम्ही २२ दिवस लावता, प्रॉडक्शनच्या वहीत २० असतात, आणि कोणी कळवतही नाही, बिल नुसतं पडून राहतं. एक साधी वही करा: तारीख, कॉल टाइम (सेटवर बोलावल्याची वेळ), सेटवर पोचल्याची वेळ, पॅकअपची वेळ, किती सीन झाले. महिना संपला की प्रॉडक्शन मॅनेजरला एक मेसेज टाका, ‘या महिन्यात २२ दिवस धरतोय, बरोबर ना?’ त्याचं ‘हो’ आलं की मगच बिल काढा आणि त्या मेसेजचा फोटो बिलाला जोडा. रात्री उशिरा कॉल रद्द झाला तर तो दिवस धरायचा की नाही, बारा तासांची शिफ्ट ओलांडली तर पुढे काय, हेही आत्ताच विचारून ठेवा. महाएपिसोडच्या आठवड्यात हे प्रश्न निघतातच, आणि तेव्हा कोणाला वेळ नसतो.

आता आकडे. समजा तिचा दिवसाचा दर ८,००० रुपये आहे आणि महिन्याला २२ दिवस काम होतं. म्हणजे १,७६,०००. त्यावर १० टक्के टीडीएस, १७,६००. हातात १,५८,४००, तेही तीन महिन्यांनी. हा टीडीएस तिच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, पण कापणाऱ्याने तो खरोखर भरला असेल तरच. म्हणून दर तिमाहीला आयकराच्या साइटवर जाऊन बघा. वर्षाचे होतात २१,१२,०००. इथे लोक फसतात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. उलाढाल म्हणजे फक्त मालिका नव्हे. दहीहंडीची सुपारी, साडीच्या दुकानाचं उद्घाटन, इन्स्टावरची जाहिरात, सगळं त्यात धरायचं. नोंदणीनंतर बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवायचा, तो निर्माता देतो. पण तुम्ही बिल काढलंत की तो कर सरकारला देणं लागतं, निर्मात्याकडून पैसे आलेले असोत वा नसोत. ९० दिवसांचं क्रेडिट आणि महिन्या-तिमाहीचा कर यांच्यामधली रक्कम तिच्या खात्यात शिल्लक असायला हवी. नाहीतर ऐन गणपतीत उसनवारी करावी लागते, आणि ते मुख्य भूमिकेतल्या नटीच्या घरातही होतं. मनोरंजन क्षेत्रातली माणसं ज्याच्याकडे जातात असा सीए गाठा. परळ-दादरला असे बरेच आहेत.

खातं कोणाचं? करार तिच्या नावावर, पॅन तिचं, कर तिला. मग पैसे बाबांच्या खात्यात कशासाठी? तिच्या नावाची दोन खाती करा. एकात मानधन येईल. आलेल्या रकमेतला चौथा हिस्सा लगेच दुसऱ्या खात्यात टाका, ते कराचं आणि त्याला हात लावायचा नाही. सीए नेमका आकडा देईल तेव्हा हा हिस्सा कमी-जास्त करा. घरखर्चाला तिने किती द्यायचे ते चौघांनी बसून ठरवा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तेवढेच बाबांच्या खात्यात जाऊ द्या. मुलीने वडिलांना दिलेल्या पैशांवर वडिलांना कर लागत नाही, त्यामुळे ती काळजी नको. रक्कम ठरलेली असली की ‘आज गाडीचा हप्ता तू भर’, ‘उद्या गावच्या घराचा पत्रा’ हे थांबतं. तुम्ही जे काम करता त्याचाही मोबदला ठरवा. बाहेरचा कोऑर्डिनेटर साधारण १० ते २० टक्के घेतो. तुम्ही कमी घ्या, पण बिल देऊन घ्या. फुकट काम करणारा भाऊ दोन वर्षांनी उपकार मोजायला लागतो.

मराठी कलावंतांच्या घरात एका मुलीच्या कमाईवर चूल पेटणं नवं नाही. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले तेव्हा लता मंगेशकर पुरत्या तेरा वर्षांच्याही नव्हत्या आणि मनात नसताना चित्रपटांत छोट्या भूमिका कराव्या लागल्या. मास्टर विनायक १९४७ मध्ये गेले तेव्हा नंदा आठ वर्षांची, आणि ‘बेबी नंदा’ म्हणून कामाला लागली. त्या घरांना दुसरा मार्ग नव्हता. तुमच्याकडे आई कमावते, बाबा कमावतात, तुम्हीही कमावता. मालिका एक दिवस बंद होणार आहे. मुख्य भूमिका केलेल्या चेहऱ्याला दुसऱ्या चॅनेलवर लगेच उभं करत नाहीत, मधे सहा महिने, कधी वर्षही जातं. ते दिवस आत्ताच्या शिलकीवर काढायचे असतात. घराचा रोजचा खर्च तिच्या मानधनावर बेतू नका.

आता बाबांकडे येऊ.

बाबा जो एपिसोड बघून चिडतात तो चार-सहा दिवस आधी शूट झालेला असतो. एपिसोडची ‘बँक’, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेला साठा, चांगली असेल तर त्याहून आधी. म्हणजे ज्या वाक्यावर ते बोलतात ते वाक्य तिला आठवतही नसतं. त्यानंतर तिने शंभर वाक्यं म्हटलेली असतात. शिवाय टेकपैकी कुठला घ्यायचा, क्लोजअपवर किती थांबायचं, संगीत कुठे वाढवायचं हे सगळं एडिटमध्ये कोणी दुसऱ्यानेच ठरवलेलं असतं. नाटकात रात्री सांगितलेली चूक उद्याच्या प्रयोगात सुधारते. मालिकेत तो प्रयोग संपलेला असतो. एवढं बाबांना शांतपणे समजावलंत तर अर्धं भांडण तिथेच मिटेल. रंगभूमीवरच्या माणसाला हे कोणी सांगत नाही आणि तो आयुष्यभराच्या सवयीने प्रयोगानंतरच्या नोट्स देत राहतो.

दुसरं, काही ‘चुका’ चुका नसतातच. ‘सीन संपला तरी डोळे फाडून बघत काय बसतेस’ असं ते म्हणत असतील. तो लूक दिग्दर्शकाने होल्ड करायला लावलेला असतो, पाच-सहा सेकंद, संगीत आणि झूम मावण्यासाठी. ‘आवाज पोचत नाही’ हेही तसंच. तिच्या पदराआड लेपल माइक आहे. शिवाजी मंदिरच्या शेवटच्या रांगेला पोचेल असा आवाज लावला तर साउंडवाला हात वर करेल. रंगमंचावर आधी मान वळते आणि मग नजर, म्हणजे लांबच्या माणसालाही कळतं. क्लोजअपमध्ये उलटं: आधी डोळे, मान जेमतेम, नाहीतर चेहरा फ्रेमबाहेर. मास्टर शॉटमध्ये (सगळा सीन एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये) ज्या शब्दावर कप उचलला त्याच शब्दावर क्लोजमध्येही उचलायचा, कारण जोडकाम तिथेच फसतं. यातलं काही बाबांना नाटकात करावं लागलं नाही. तेव्हा या चार बाबतींत त्यांनी बोलू नये: आवाजाची पट्टी, हालचालीचा आकार, शेवटचा लूक आणि संवाद कसे लिहिलेत ते. संवादांवर तर तिचंही काही चालत नाही.

मग त्यांना काय येतं जे सेटवर कोणी शिकवत नाही? वाक्याचा अर्थ. सीन पेपर, म्हणजे उद्याच्या सीनचे संवाद, रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर येतो किंवा सकाळी मेकअप रूममध्ये. वाचन नाही, तालीम नाही, दोन मॉनिटर (कॅमेऱ्यासमोरच्या सरावाच्या फेऱ्या) आणि टेक. अशा घाईत मुलं प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दावर जोर देतात आणि सगळे सीन एकाच चालीत जातात. समजा वाक्य आहे, ‘तुम्ही मला न सांगता हे घर विकलंत?’ जोर ‘मला’वर दिला तर अर्थ असा की बाकीच्यांना माहीत होतं, मीच परकी. ‘न सांगता’वर दिला तर राग फसवणुकीचा. ‘हे घर’ म्हटलं तर बाकी काहीही विकायचं होतं, हे नव्हतं. आणि शेवटच्या शब्दावर दिला तर नुसता आरडाओरडा. तीस वर्षं नाटक केलेला माणूस हे एका मिनिटात कानाने पकडतो. हे तिला रोज मिळालं तर सहा महिन्यांत तिचं काम सेटवरच्या बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसेल.

तेव्हा असं करा. एपिसोडवर घरात चर्चा नाही. हवी तर फक्त रविवारी, तीही तिने विचारलं तर. रात्री पेपर आला की बाबा आणि ती वीस मिनिटं बसतील. सगळे सीन घ्यायचे नाहीत, उद्याचे सर्वांत अवघड तीन. बाबा समोरच्या पात्राची वाक्यं कोरडी वाचतील, स्वतः अभिनय न करता. (हे त्यांना जड जाईल. पण त्यांनी रंगवून वाचलं तर ती त्यांच्या सुरावर प्रतिक्रिया द्यायला शिकते, आणि सेटवर समोरचा नट तसा सूर लावणारच नाही.) पेन्सिलने प्रत्येक वाक्यात एकच शब्द अधोरेखित करायचा आणि श्वास घ्यायच्या जागी तिरपी रेघ मारायची. दोन शब्द अधोरेखित झाले की वाक्य फुटतं. पाठ करून घ्यायचं नाही, कारण सकाळी निम्मे संवाद बदललेले असतात आणि रात्री घट्ट पाठ केलेलं जुनं वाक्य टेकमध्ये जिभेवर येतं. वीस मिनिटं झाली की उठायचं. सकाळी सातला गाडी येते आणि अपुऱ्या झोपेचे डोळे क्लोजअपमध्ये लपत नाहीत. पेपर कुठेही फॉरवर्ड करायचा नाही हे बाबांना बजावून सांगा. कथानक फुटलं तर कराराचा भंग धरला जातो.

नाटकाचं आमचं मत स्पष्ट आहे: आत्ता नको.

निर्मात्याला तुमची बहीण हवी आहे की तिच्या मालिकेची जाहिरात, हे त्याच्या ‘लगेच’ या शब्दातच कळतं. त्याचा दोष नाही, बुकिंग त्यालाच बघायचंय. पण गणित मांडा. शुक्रवारी रात्री साडेआठचा प्रयोग दादरला. मेकअपसाठी साडेसातला विंगेत हवं. घोडबंदर रोडवरून कापूरबावडी, माजिवडा, तीन हात नाका, मग हायवेने सायनमार्गे दादर. शुक्रवारी संध्याकाळी दोन तास धरावेच लागतात. म्हणजे सेट साडेपाचला सोडायचा. ठाण्यापर्यंत गाडी आणि पुढे फास्ट लोकल घेतली तर दादर अर्ध्या तासाच्या आसपास येतं, नाटकातली किती तरी माणसं तेच करतात, पण आता तिला डब्यात कोणी शांत बसू देईल का? मुख्य नायिका महिन्यातून चार वेळा साडेपाचला निघणार असेल तर त्या दिवसाचे तिचे सीन आधी लावावे लागतात आणि सगळं वेळापत्रक तिच्याभोवती फिरतं. हे करतात, मराठी मालिकांत नाटकवाल्यांना सांभाळून घ्यायची पद्धत आहे. पण ते करारात लिहिलेलं असेल तर. ‘बघू, करू अॅडजस्ट’ हे तोंडी आश्वासन टीआरपी घसरला की टिकत नाही. गुरुवारी आकडे येतात, चॅनेल ट्रॅक, म्हणजे कथानकाचा रोख, बदलतं आणि शनिवारचा प्रयोग असलेल्या दिवशीच लग्नाचा सीन लागतो. नाट्यगृहाची तारीख महिनाभर आधी घेतलेली, जाहिरात दिलेली, तिकिटं विकलेली. प्रयोग रद्द झाला तर नाव खराब होणार ते बाबांचं, कारण नाटकवाल्यांत तिची हमी त्यांनीच घेतलेली असेल.

त्याआधी तालमी आहेत. महिनाभर तरी. पॅकअप नऊला, तालीम साडेदहाला सुरू, एकला घरी. दुसऱ्या आठवड्यात घसा बसतो, आणि बसलेला घसा आधी सेटवर ऐकू येतो.

बाबांना नुसतं नाही म्हणू नका. त्यांना लेकीबरोबर रंगमंचावर उभं राहायचंय, ही इच्छा खोटी नाही. त्यासाठी अभिवाचन करा. तासा-सव्वा तासाचं, दोन खुर्च्या, दोन स्टँड, दोन माइक, प्रकाशयोजना अगदी साधी. पाच-सहा तालमींत उभं राहतं, हातात संहिता असते, सेटचा टेम्पो नाही, आणि तारीख हलवावी लागली तरी पंधरा माणसांचं मानधन बुडत नाही. लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्या, मानधन आधीच द्या. चॅनेलची एनओसी घ्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. यात ती बाबांच्या हाताखाली वाक्य बोलायला शिकेल, आणि मालिका संपेल तेव्हा नाटकासाठी तयार असेल.

पुढे कधी दोघं एका नाटकात आलेच तर तीन गोष्टी वाचनाआधी ठरवा. नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, दोघांची वेगवेगळी, ‘दोघांचं मिळून एवढं’ कधीच नाही. मिळून ठरलं की त्यात बाबांचा भाव किती हे कोणालाच कळत नाही आणि पुढच्या नाटकात तो शून्यापासून सुरू होतो. जाहिरातीत नावाचा क्रम. तिचं नाव वर जाणार, ते मान्य करा, पण बाबांचं नाव शेवटी ‘आणि’ लावून स्वतंत्र ओळीत घ्या. ज्येष्ठ नटाला हा मान द्यायची रीत आहे आणि त्याला एक पैसा जादा लागत नाही. तिसरं, पहिल्या तालमीपासून तिची रिप्लेसमेंट तयार ठेवा, आणि त्या मुलीला महिन्यातून एक खरा प्रयोग द्या. नुसती बसवून ठेवलेली रिप्लेसमेंट ऐनवेळी शब्द विसरते.

‘अमकीचे बाबा’ म्हणून ओळख होण्याचं त्यांना लागलं असेल, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. त्यावर आमच्याकडे उपाय नाही. तिने मुलाखतीत बाबांच्या कामाबद्दल बोलताना ‘माझे बाबाही नाटकात काम करतात’ एवढ्यावर थांबू नये, त्यांची एखादी भूमिका आणि तिच्यातला एखादा प्रसंग नेमका सांगावा. ‘माझी प्रेरणा’ वगैरे ऐकून त्यांना काहीच वाटणार नाही, नटाला आपली भूमिका कोणाला तरी आठवते एवढंच हवं असतं.

वशिल्याचं थोडक्यात. घराण्याच्या नावाने फोन उचलला जातो, हे खरं आहे आणि नाकारू नये. पण मुख्य भूमिकेसाठी ऑडिशन, लूक टेस्ट आणि मॉक शूट चॅनेलची माणसं बघतात, आणि मालिकेत रोज बावीस मिनिटं उभं राहायचं असतं. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई फाळक्यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये होत्या, त्याच कमलाबाई गोखल्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. चार पिढ्या फक्त आडनावावर चालत नाहीत. शोभना समर्थांनी नूतनला १९५० मध्ये स्वतःच्या चित्रपटातून आणलं, तेव्हा ती चौदाची होती. पण पुढची सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची पाच फिल्मफेअर आईच्या चित्रपटांसाठी मिळालेली नाहीत. हे सगळं इन्स्टावर लिहीत बसू नका मात्र. कमेंटला उत्तर दिलं की ती वर येते. मुलाखतीत कोणी विचारलंच तर दोन वाक्यं पुरेत: घरात नाटक होतं त्याचा फायदा झाला, आणि या भूमिकेसाठी ऑडिशन दिली. घाबरून आडनाव बदलू नका. श्रेयनामावलीत एकदा आलेलं नाव बदललं की जुनं काम शोधणाऱ्याला सापडत नाही.

तिच्या अकाउंटचा पासवर्ड तिच्याकडे आणि तुमच्याकडे, बस. ओटीपी तिच्याच नंबरवर. आईला प्रेमाने सांगा की सेटवरचा नवरीच्या वेषातला फोटो स्टेटसला ठेवायचा नाही. लग्नाचा ट्रॅक कोणत्या तरी नातेवाइकाच्या स्टेटसवरून फुटतो, हे प्रॉडक्शनच्या माणसांना पाठ झालंय. ‘सिंटा’ या कलाकारांच्या संघटनेचं सभासदत्व नसेल तर घ्या, पैसे थकले आणि मेलला उत्तर आलं नाही तर तक्रार करायला दुसरी जागा सहज मिळत नाही. आणि ‘मोठ्या वेब सिरीजच्या ऑडिशनसाठी रजिस्ट्रेशन फी’ मागणारे फोन आता वाढतील. ऑडिशनचे पैसे कोणी खरा माणूस मागत नाही, फोन ठेवून द्या.

राहता राहिला गणपती. तुम्ही लालबागचे, म्हणजे मंडळाकडून आरतीचं बोलावणं येणारच, कदाचित आलंही असेल. रात्री आठच्या आरतीला नेऊ नका, त्या गर्दीत तिला बाहेर काढायला तासभर लागेल आणि सकाळी पुन्हा कॉल आहे. कॉल दुपारचा असेल अशा दिवशी सकाळची आरती घ्या, गाडी हमरस्त्यावर उभी ठेवा, सोबत तुम्ही आणि मंडळाचे दोन कार्यकर्ते. पैसे घेऊ नका, आपल्या गल्लीतली सुपारी घेतली की आजोबांच्या वेळची माणसं विसरत नाहीत. बॅनरवर तिचा साधा फोटो आणि नाव चालेल. मालिकेच्या वेषातला फोटो आणि पात्राचं नाव मात्र छापू देऊ नका, ते हक्क चॅनेलकडे असतात. मंडळाच्या पोरांना हे आत्ताच सांगा, बॅनर छापायला गेल्यावर नाही.